प्लॅटफॉर्म फायटर: चाल एकीकडे, तोंड दुसरीकडे

दोन_उड्या

नमस्कार मंडळी. मी आणि माझे दोन मित्र गोडो इंजिनमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक छोटा प्लॅटफॉर्म फायटर बनवतोय, म्हणजे समोरच्याला मारून स्टेजबाहेर उडवायचा गेम. दोन खेळाडू, एक स्टेज, दोन पात्रं, एवढाच आवाका. आम्ही तिघंही ब्रॉलहाला या प्लॅटफॉर्म फायटरवर वाढलो. फुकट आहे, कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो, त्यामुळे हॉस्टेलमध्ये सगळे तोच खेळायचे. गेल्या वर्षी स्लिप्पीवर (मेले ऑनलाइन खेळायची सोय) मेले, म्हणजे निन्टेंडोचा सुपर स्मॅश ब्रदर्स मेले, खेळायला लागलो आणि तेव्हापासून आमच्यात एकच वाद आहे.

ब्रॉलहालात हवेत असताना डावी कळ दाबली की पात्र डावीकडे वळतं. मेलेत वळत नाही. उडी मारताना तोंड उजवीकडे असेल तर हवेत कितीही डावीकडे सरका, तोंड उजवीकडेच राहतं. सुरुवातीला मला वाटलं हा जुनेपणा आहे, २००१ चा गेम आहे, तेव्हा असंच करायचे. आता तसं वाटत नाही, पण का वाटत नाही हे मित्रांना पटवून देता येत नाहीये. एक मित्र म्हणतो, खेळाडूने कळ दाबली त्या दिशेला पात्राने बघायलाच हवं, नाहीतर नवा माणूस दोन मिनिटांत गेम बंद करेल.

जाणकारांनी कृपया लिहावं. जमिनीवरच्या वळण्याबद्दलही प्रश्न आहेत, ते नंतर विचारतो.

मार्थवाली

चांगला विषय काढलात. मी अमेरिकेत शिकायला आले तेव्हापासून इथल्या स्थानिक स्पर्धांत मेले खेळते आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

तुमचे मित्र चाल आणि तोंड ही एकच गोष्ट धरतायत. स्मॅश घराण्याचा (मेले, ब्रॉल, अल्टिमेट हे त्यातलेच गेम) सगळा डाव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यावर उभा आहे. पात्र कुठे चाललंय हा एक निर्णय, आणि त्याचं तोंड कुठे आहे हा दुसरा निर्णय. खेळाडूला दोन्ही घ्यावे लागतात, आणि दुसरा निर्णय बहुतेक वेळा जमीन सोडायच्या आधीच घ्यावा लागतो.

का, ते बघा. हवेत पाच हल्ले असतात: मधला, पुढचा, मागचा, वरचा, खालचा. यातला मागचा, ज्याला सगळे बॅक-एअर म्हणतात, तो तोंड पक्कं राहतं म्हणूनच अस्तित्वात आहे. हवेत पात्र आपोआप वळलं तर 'मागे' असं काही उरतच नाही, आणि पाचाचे चार होतात. बरं, बऱ्याच पात्रांचा बॅक-एअर हा त्यांच्या सर्वांत भरवशाच्या हल्ल्यांपैकी एक असतो. मेलेतली जिगलीपफ बघा. ती समोरच्याकडे पाठ करून, हवेत हळूहळू मागे सरकत येते आणि बॅक-एअरवर बॅक-एअर मारत समोरच्याला स्टेजबाहेर ढकलत नेते. 'वॉल ऑफ पेन' म्हणतात त्याला. पाठ फिरवून हल्ला करायला येणं ही कल्पना दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या फायटिंग गेममध्ये इतकी सहज दिसत नाही.

आता यातला डाव समोरच्याच्या बाजूने बघा. मी तुमच्याकडे धावत येतेय आणि उडी मारली. तोंड तुमच्याकडे असेल तर पुढचा हल्ला येऊ शकतो. पाठ असेल तर मागचा. दोन्हींचा पल्ला वेगळा, वेळ वेगळी. म्हणजे उडी मारण्याआधी मी कुठे तोंड केलं हे तुम्हाला वाचावं लागतं. तोंड ही समोरच्याला दिसणारी माहिती आहे. हवेत कधीही वळता येत असेल तर ती माहिती क्षणात शिळी होते.

नव्या खेळाडूला हे जड जातं हे खरं आहे. पण जड जातं म्हणून काढून टाकलं तर त्याला पुढे शिकायला काय उरणार, हाही विचार व्हावा.

रात्रपाळी_ऑर्ब

ब्रॉलहालाच्या बाजूने थोडं बोलतो, कारण वरच्या प्रतिसादातून कुणाचा असा समज होईल की तिथे या बाबतीत डोकं लावावं लागत नाही.

ब्रॉलहालात बॅक-एअर नाही हे बरोबर. बाजूचा हल्ला ज्या दिशेची कळ दाबली त्या दिशेला जातो. पण म्हणून तोंड बिनकामाचं होत नाही. कुठलीही दिशा न दाबता मारलेला हल्ला पात्राचं तोंड जिकडे असेल तिकडेच जातो. त्यामुळे समोरच्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे उतरलात आणि घाईत साधा हल्ला दाबलात, तर तो रिकाम्या हवेत जातो. चांगले खेळाडू पलीकडे जाताना दिशा किंचित टेकवून वळतात आणि मगच मारतात. ही सवय हाताला लागायला वेळ लागतो.

आणि तिथे कौशल्याचा भार दुसरीकडे टाकलाय. डॉज (मार चुकवायची हालचाल) एकच, तो परत मिळायला वेळ लागतो, हवेतल्या उड्या मोजक्या, हत्यार खाली पडतं, उचलावं लागतं. हवेत फिरण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि त्याची किंमत उड्या आणि डॉजच्या हिशेबात वसूल केली. ब्रॉलहाला २०१७ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, २०२० मध्ये फोनवरही आला. फोनच्या काचेवर अंगठ्याने बॅक-एअरसाठी आधी वळून मग उडी मारायची म्हटलं असतं, तर किती जण खेळले असते?

तेव्हा दोन_उड्या, आधी हे ठरवा की तुमचा गेम कशावर खेळला जाणार आहे. कीबोर्ड, कंट्रोलर की फोन. त्यानंतर हवेतल्या वळण्याचा प्रश्न निम्मा सुटतो.

दोन_उड्या

दोघांचेही मनापासून आभार. आमचा गेम संगणकावरच असणार, कीबोर्ड आणि कंट्रोलर दोन्ही. फोनचा विचार नाही.

मार्थवाली ताई, आता जमिनीवरचा प्रश्न. डॅश डान्स आणि वेव्हडॅश दोन्ही मागे सरकायलाच वापरतात ना? मग दोन कशाला हवेत? आम्ही एकच ठेवावं का?

मार्थवाली

दोन्ही मागे नेतात, पण तोंडाच्या बाबतीत एकमेकांच्या अगदी उलट वागतात. तुमच्या धाग्याचा गाभा इथेच आहे असं मला वाटतं.

डॅश डान्स आधी. मेलेत कंट्रोलरची स्टिक झटक्यात ढकलली की पात्र डॅशमध्ये जातं. या सुरुवातीच्या काही फ्रेममध्ये (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) स्टिक उलट झटकली, की पात्र लगेच उलट दिशेला डॅश घेतं. असं पुढे-मागे करत राहणं म्हणजे डॅश डान्स. तो काळ संपला की डॅशचं रूपांतर धावण्यात होतं, आणि धावताना वळायचं तर पात्र घसरत थांबून मग वळतं, तिथे मार खायला भरपूर वेळ असतो. म्हणून सगळा खेळ त्या सुरुवातीच्या काळात करायचा. मार्थ आणि कॅप्टन फाल्कन या पात्रांचा हा काळ लांब आहे, त्यामुळे त्यांचा डॅश डान्स एवढा मोठा, एवढा त्रासदायक वाटतो. पण लक्ष द्या: मागे डॅश घेतला की तोंडही मागे गेलं. आता समोरचा माझ्या पाठीशी आहे. इथून डॅश-हल्ला दाबला तर तो त्याच्यापासून दूर जाईल. माझ्याकडे उरतं काय? पुन्हा त्याच्याकडे डॅश घ्यायचा, किंवा उडी मारून पाठीमागे बॅक-एअर मारायचा.

वेव्हडॅशमध्ये तोंड हलतच नाही. उडी दाबायची, पाय जमिनीवरून सुटले की लगेच तिरका खाली हवेतला डॉज घ्यायचा. डॉज जमिनीत घुसतो, आणि त्याचा वेग जमिनीवरच्या घसरण्यात बदलतो. फॉक्सला उडीच्या तयारीला ३ फ्रेम लागतात, उतरल्यावर १० फ्रेम अडकतो, सगळं मिळून पाव सेकंदाच्या आत. बाउजरला उडीच्या तयारीलाच ८ फ्रेम, म्हणून त्याचा वेव्हडॅश जड वाटतो. लुइजीची जमिनीवरची पकड कमी, म्हणून तो सगळ्यांत लांब घसरतो. आणि हे सगळं होताना पात्र समोरच्याकडेच बघत असतं. मागे घसरले, तो चुकला, मी लगेच पुढे वार करू शकते. वळायची गरजच नाही.

म्हणजे डॅश डान्समध्ये वेग मिळतो, तोंड गमावतो. वेव्हडॅशमध्ये तोंड राखतो, पण काही फ्रेम हात बांधलेले असतात. दोन्ही ठेवले तर खेळाडूला प्रत्येक माघारीत निवड करावी लागते. म्हणून माझा आग्रह, एक काढू नका.

आणखी एक उदाहरण देते, मला फार आवडतं. मेलेत स्टेजच्या कडेला लटकायचं तर तोंड स्टेजकडे असावं लागतं. आता समोरचा बाहेरून परत येतोय आणि मला त्याच्याआधी कडा पकडायची आहे, म्हणजे त्याला ती मिळणार नाही. मी कडेकडे धावत गेले तर तोंड बाहेर असतं, कडा हाताला लागत नाही. मग काय करायचं? कडेजवळ स्टेजकडे तोंड करून उभं राहायचं आणि मागे वेव्हडॅश घ्यायचा. पात्र पाठमोरं घसरत कडेवरून खाली उतरतं, तोंड स्टेजकडेच असतं, आणि हात कडेवर पडतात. तोंडाच्या एका नियमातून केवढं तंत्र उगवलं बघा. २००८ च्या ब्रॉलपासून कडा कुठल्याही बाजूला तोंड असलं तरी पकडता येते. परत येणाऱ्याला ते सोपं झालं, पण कडेवरची ही कारागिरी बरीच पुसली गेली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

कथिल_आणि_तार

मेले ज्यावर खेळतात ते गेमक्यूब कंट्रोलर मी दुरुस्त करतो, आवड म्हणून सुरुवात केली, आता ओळखीतले लोक पाठवतात. तोंड चुकीच्या दिशेला जाण्याची निम्मी कारणं खेळाडूच्या हातात नसून स्टिकच्या डबीत असतात. गेम बनवणाऱ्याने हे जरूर समजून घ्यावं.

पहिलं कारण स्नॅपबॅक. स्टिक एका टोकाला नेऊन सोडली की स्प्रिंग तिला मध्याकडे ओढते, पण ती मध्यावर थांबत नाही, जरा पलीकडे जाऊन परत येते. त्या पलीकडच्या क्षणी गेमने स्टिक वाचली तर त्याला वाटतं खेळाडूने उलट दिशा दाबली. पात्र वळतं. फाल्को या पात्राने पुढे लेझर मारायचा म्हणून बी (विशेष हल्ल्याचं बटण) दाबलं आणि लेझर मागे गेला, अशी तक्रार घेऊन येणारे बरेच असतात. त्यावर उपाय म्हणून सर्किटमध्ये कपॅसिटर जोडतात, तो ती छोटी उसळी दाबतो. पण प्रमाण चुकलं तर स्टिक मंद वाटायला लागते. हल्ली चुंबकावर चालणाऱ्या स्टिकचे बोर्ड मिळतात, त्यात हेच काम सॉफ्टवेअरने गाळून होतं.

दुसरं कारण मेलेचं खास. गेम सेकंदाला ६० वेळा स्टिक वाचतो. मध्यापासून टोकापर्यंत ८० पायऱ्या धरा. डॅशसाठी त्यातल्या ६४ पर्यंत पोचावं लागतं, तेही झटक्यात. उलट डॅश मारताना स्टिक नेमकी अर्ध्या वाटेवर असताना वाचली गेली, तर गेमला वाटतं की खेळाडू हळूच वळतोय. मग डॅश न येता पात्र सावकाश वळण घेतं आणि उभं राहतं. स्टिक तशीच, हात तसाच, पण एकदा डॅश येतो, एकदा नाही. काही झिजलेल्या जुन्या कंट्रोलरमध्ये ही अडचण कमी यायची, म्हणून लोक तसे कंट्रोलर शोधत फिरायचे, जास्त पैसे मोजायचे. २०१७ मध्ये युसीएफ आलं, म्हणजे गेमवर चढवायची एक दुरुस्ती. स्टिक पुरेशा वेगाने गेली असेल तर ते डॅश देऊन टाकतं. आता स्पर्धांमध्ये आणि स्लिप्पीवर तेच चालतं, त्यामुळे नशिबाचा कंट्रोलर हुडकायची गरज राहिली नाही.

दोन_उड्या, तुमच्या गेमसाठी धडा असा घ्या: एका फ्रेमच्या वाचनावर वळण्याचा निर्णय करू नका. मागच्या दोन-तीन फ्रेममध्ये स्टिक किती वेगाने गेली ते बघा. आणि स्टिक मध्याकडे परतत असताना आलेली बारीकशी उलट दिशा मोजूच नका.

रात्रपाळी_ऑर्ब

हे वाचून खूप गोष्टी उलगडल्या. कीबोर्डवर आम्हाला हा त्रासच नाही, त्यामुळे कधी कळलंच नव्हतं.

पिचू_पुणे

अल्टिमेट खेळणाऱ्यांची बाजूही यायला हवी. २०१८ च्या अल्टिमेटमध्ये तोंडावर ताबा मिळवायचे मार्ग जास्त आणि नव्या माणसाला जमण्यासारखे आहेत.

धावत जाऊन पाठ करून उडी मारायची असेल तर धावता धावता स्टिक उलट टेकवायची आणि लगेच उडी दाबायची. पात्र वळतं, पण धावण्याचा वेग टिकून राहतो, आणि पाठमोरं पुढे जात बॅक-एअर मारता येतो. सगळ्या पात्रांची उडीची तयारी ३ फ्रेमची केल्यामुळे हे सर्वांना एकाच तालात जमतं. शिवाय कळा ९ फ्रेम आधी दाबल्या तरी गेम लक्षात ठेवतो. मात्र कळा लक्षात ठेवायची ही सोय (बफर) कधीकधी उलटते: जुनी दिशा लक्षात राहून पात्र नको तिकडे वळतं.

मग विशेष हल्ल्यांच्या तीन युक्त्या. हवेत पुढे जाताना आधी स्टिक मागे टेकवून मग बी दाबलं तर फक्त तोंड फिरतं, वेग तोच राहतो. आधी बी दाबून पुढच्या काही फ्रेममध्ये स्टिक मागे टेकवली तर तोंड आणि वेग दोन्ही फिरतात. आणि आधी मागे, मग बी, मग पुन्हा उलट असं केलं तर तोंड दोनदा फिरून मूळ जागी येतं, वेग तेवढा उलटा होतो. शेवटच्याला वेव्हबाउन्स म्हणतात. सॅमस किंवा आरओबी समोर उतरताना यातलं काय करणार हे सांगता येत नाही, आणि म्हणून त्यांचं उतरणं पकडता येत नाही.

मार्थवाली म्हणतात तसं तोंड हवेत पक्कंच आहे. पण ते फिरवायला एक वैध दार ठेवलंय, आणि त्याची किंमत म्हणजे एक विशेष हल्ला खर्च करायचा. हा मधला मार्ग तुम्हाला उपयोगी पडेल.

दोन_उड्या

पिचू, हे फारच कामाचं आहे. तोंड फिरवायला वेगळं बटणच दिलं तर? धरून ठेवलं की तोंड पक्कं, सोडलं की मोकळं.

पिचू_पुणे

झालंय ते. २०२१ च्या निकलोडियन ऑल-स्टार ब्रॉलमध्ये तसं बटण आहे. ते धरून मागे चाललं तरी तोंड पुढेच राहतं. नव्या खेळाडूला समजायला सोपं, एका वाक्यात सांगता येतं.

मार्थवाली

माझा त्याला विरोध आहे, आणि तो स्पष्ट मांडते. बटण धरून तोंड पक्कं ठेवलं की ती निवड फुकट होते. वेव्हडॅशने तोंड राखलं तर काही फ्रेम द्याव्या लागतात, धावत वळून उडी मारली तर समोरच्याला ते वळणं दिसतं. बटणाला असं काही द्यावं लागत नाही. जिथे किंमत नाही तिथे अंदाज बांधायला काही उरत नाही.

रात्रपाळी_ऑर्ब

इथे मी असहमत. बोट एका बटणावर अडकून राहतं, हीसुद्धा किंमतच आहे. कीबोर्डवर तर नक्कीच.

सरळ_ओळ

खेळण्याबद्दल जाणकार लिहितायतच, मी फक्त कोडबद्दल लिहितो. गोडोत काम करताना या विषयात हमखास अडकायला होतं ते इथे.

वेग आणि तोंड यांच्यासाठी दोन वेगळे चल ठेवा. वेगाच्या चिन्हावरून तोंड काढू नका. असं केलंत की पात्र मार खाऊन मागे उडताना आपोआप वळतं, आणि सगळे हल्ले उलटे होतात. तोंड हा फक्त १ किंवा उणे १ असा आकडा, आणि तो फक्त ठरावीक अवस्थांमध्येच बदलू द्या: उभं असताना, वळताना, डॅशच्या सुरुवातीला, विशेष हल्ल्याच्या पहिल्या काही फ्रेममध्ये. बाकी कुठल्याही अवस्थेने त्याला हात लावायचा नाही. हे एकदा केलंत की वर लिहिलेले सगळे नियम म्हणजे 'कुठल्या अवस्थेत तोंड बदलायला परवानगी आहे' एवढीच यादी उरते.

स्प्राइटचं (पात्राच्या चित्राचं) फ्लिप-एच फक्त चित्र उलटं करतं, हिटबॉक्स (ज्या भागाने मार लागतो तो) जागच्या जागी राहतात. चित्रात तलवार डावीकडे आणि मार उजवीकडे. म्हणून लोक थेट मूळ बॉडी नोडचा (गोडोत गेम अशा नोड नावाच्या सुट्या भागांतून जोडतात) एक्स स्केल उणे करतात, म्हणजे तो आडवा उलटा करतात. ते करू नका. गोडोच्या २डी ट्रान्सफॉर्ममध्ये एक्सचा उणे स्केल उलगडताना वायचा उणे स्केल अधिक १८० अंशांचं फिरणं असा वाचला जातो, आणि पात्र दर फ्रेमला डावी-उजवीकडे थडथडायला लागतं. मूळ बॉडी कधीही उलटी करायची नाही. तिच्या खाली एक साधा नोड ठेवा, त्यात चित्र, हिटबॉक्स, हर्टबॉक्स (जिथे मार बसतो तो भाग), हात-पायांच्या खुणा सगळं घाला, आणि फक्त तो नोड उलटा करा. भिंतीला टेकणारा मूळ आकार मात्र दोन्ही बाजूंनी सारखा ठेवा, नाहीतर भिंतीला लागून वळलं की पात्र भिंतीत रुततं.

धक्क्याच्या दिशेचंही आताच ठरवा. मार बसल्यावर समोरचा कुठे उडेल, मारणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेला की मारणाऱ्यापासून दूर? पाठीमागच्या बाजूने लागलेल्या वारात या दोन्हींचं उत्तर उलट येतं. बॅक-एअर ठेवणार असाल तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहणार. प्रत्येक हिटबॉक्सला त्यासाठी स्वतंत्र खूण ठेवा, सरसकट एक नियम करू नका.

दोन_उड्या

सरळ_ओळ, तो थडथडण्याचा प्रकार आमच्याकडे आठवडाभर चालू होता. आत्ताच नोड वेगळा केला, थांबला. खूप खूप धन्यवाद.

मित्रांशी बोलून ठरवलंय: हवेत तोंड पक्कं. बॅक-एअर राहणार. पिचू म्हणतात तसं विशेष हल्ल्यातून वळता येईल. वेव्हडॅश आणि डॅश डान्स दोन्ही ठेवतोय. कडा मात्र दोन्ही बाजूंनी पकडता येईल, मार्थवाली ताई, यावर एकमत झालं नाही, दोन विरुद्ध एक.

शेवटचा प्रश्न. कीबोर्डवर डावी आणि उजवी एकदम दाबली तर काय करावं?

रात्रपाळी_ऑर्ब

शेवटची दाबलेली कळ धरा. डावी धरून ठेवली असताना उजवी दाबली तर उजवीकडे, उजवी सोडली तर परत डावीकडे. असं केलं की कीबोर्डवर डॅश डान्स अगदी स्वच्छ येतो, एक बोट स्थिर, दुसरं टकटक.

कथिल_आणि_तार

पण मग स्टिकवाल्याला मध्यातून जावं लागतं आणि कीबोर्डवाल्याला नाही, हा फरक राहतो. बटणांच्या कंट्रोलरवरून मेलेच्या स्पर्धांमध्ये याच मुद्द्यावर बरीच भांडणं झाली आहेत. तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे खेळाडू समोरासमोर येणार असतील तर दिशा उलटताना मधे एक फ्रेम मोकळी सोडा. हाताला जाणवत नाही, पण दोघांचं वळणं जवळपास सारखं होतं.

मार्थवाली

कडेच्या निर्णयावर मी चाचणीनंतर पुन्हा भांडणार आहे. खेळता येईल असं काही तयार झालं की दुवा इथेच टाका. मी कंट्रोलरवर खेळते, रात्रपाळी_ऑर्ब कीबोर्डवर खेळतील. ती मोकळी फ्रेम घालून एक आणि न घालता एक, असे दोन बिल्ड (गेमच्या चाचणी आवृत्त्या) द्या, म्हणजे तुलना करता येईल.

दोन_उड्या

चालेल. दोन्ही बिल्ड रविवारी रात्री टाकतो.